गाभाचे पंचांग



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण हे विषय शोभून दिसतात. मेंढीचा गाभ का पडतो आणि डुकरिणीच्या पोटी मेलेली पिले का निपजतात, हा विषय येथे मांडावयाचा म्हणजे थोडे धाडसच आहे. पण बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके असे आहेत की, येथे जनावराच्या पोटातली गोष्ट ही घराच्या पोटापाण्याची गोष्ट ठरते. तेव्हा प्रस्तावनेत अधिक वेळ न दवडता मी आपणांस प्रथम आपल्याच वाटेवरच्या एका गावी घेऊन जातो.

आषाढीच्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या दिशेने निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला घोड्यांचे रिंगण होते. त्याची शोभा निराळी. पण काटेवाडीची गोष्ट मला अधिक हृदयंगम वाटते. धनगर आपला कळप पालखीभोवती धावडवतो. पालखीला प्रदक्षिणा झाली म्हणजे वर्षभर मेंढरांना रोगराई होणार नाही, अशी त्यामागची श्रद्धा आहे. या श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. उलट, माझे म्हणणे असे की मेंढपाळाने या प्रदक्षिणेसाठी वर्षातला नेमका दिवस धरला आहे. पावसाच्या पहिल्या हिरवळीवर पुष्कळशा कळपांतल्या मेंढ्या याच सुमारास माजावर येतात आणि फळतात. आणि मेंढरांचे जे दोन-चार मोठे आजार आहेत, त्यांचा काळही याच्या पाठोपाठ सुरू होतो. वर्षाचा जमाखर्च जेथे उघडतो तेथेच हात जोडावेत, ही त्या माणसाची समज काही कमी नव्हे.

आता हा जमाखर्च कसा असतो पाहा. आपली दख्खनी मेंढी वेताला सामान्यतः एकच कोकरू देते. नीरा ओलांडून पलीकडे फलटणला गेले की तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला आहे. (हाच गुण १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोहोचला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या घरची वस्तू दोनशे वर्षांनी आपल्याला कळावी हेही काही नवे नाही.) पण सर्वसाधारण कळपात एक मेंढी, एक कोकरू, असाच हिशेब चालतो. ते एक गेले की त्या मेंढीचे पाच महिने फुकट गेले. शंभरातल्या वीस मेंढ्या गाभडल्या तर त्या घरात त्या वर्षी लग्न ठरत नाही, एवढे मी आपणांस सांगू शकतो.

आणि दुसरी अडचण याहून मोठी. एकुलते एक कोकरू मेलेले पडले म्हणजे पुरावाही तेथेच संपतो. ते कशाने मेले, कधी मेले, हे सांगायला दुसरे कोणी पोटात नव्हते. म्हणून या कामी मला एका वेगळ्या जनावराची साक्ष काढावी लागते. ते जनावर म्हणजे डुक्कर. आपल्याकडे शहरातला सुशिक्षित मनुष्य डुकराकडे नगरपालिकेची एक तक्रार म्हणूनच पाहतो. देशात २०१९ च्या पशुगणनेत नव्वद लाखांवर डुकरे मोजली गेली. ती पाळणारी माणसे गरीब, आणि ती गावाच्या कडेला राहतात. परंतु विषाणू गर्भाशयात शिरून काय करतो हे ज्याला शिकावयाचे आहे, त्याला डुकरिणीइतका प्रामाणिक गुरू मिळणार नाही.

डुकरीण ११४ दिवस गाभण असते. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, असे पाळणारे तोंडी सांगतात. तिच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगे असतात आणि त्यांत आठ-दहा गर्भ मण्यांसारखे ओळीने बसलेले असतात. आता पार्व्हो नावाचा एक विषाणू आहे; १९६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याचा गर्भनाशाशी संबंध उघड झाला. हा विषाणू डुकरिणीला होतो तेव्हा तिला काहीही होत नाही. ताप नाही, खाणे सुटत नाही, पाळणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. पण तो वार ओलांडून गर्भापर्यंत जातो. आणि तेथे काय घडेल हे सर्वस्वी त्या दिवसावर ठरते. पहिल्या महिन्यात गेला तर गर्भ विरघळून अंगातच जिरतात. काही राहिलेच तर वेत दोन-तीन पिलांचे निघते, आणि सारेच जिरले तर डुकरीण पुन्हा माजावर येते व मालक म्हणतो, ही फळलीच नव्हती. साधारण पस्तिसाव्या दिवसानंतर गर्भाची हाडे धरू लागतात. त्यानंतर मेलेला गर्भ जिरू शकत नाही. तो तेथेच आटतो, काळवंडतो आणि खारकेसारखा वाळून राहतो. आणि सत्तराव्या दिवसाच्या पुढे विषाणू पोहोचला तर? तर बहुधा काहीच होत नाही. कारण त्या वयाचा गर्भ स्वतःच रोगाशी लढू शकतो. तो आपल्या रक्तात प्रतिपिंडे तयार करतो आणि धडधाकट जन्मतो.

खरी मौज पुढेच आहे. विषाणू सगळ्या गर्भांना एकाच दिवशी गाठत नाही. एकाला गाठतो, तेथून शेजारच्याला, तेथून पुढच्याला. त्यामुळे वेताच्या दिवशी त्या डुकरिणीच्या पुढ्यात बोटभर लांबीचे एक वाळलेले पिलू, वीतभर लांबीचे दुसरे, त्याहून मोठे तिसरे आणि शेवटी दोन-चार जिवंत पिले, अशी चढती ओळ पडते. ज्याला वाचता येते त्याने त्या ओळीची लांबी मोजून सांगावे की, विषाणू कोणत्या आठवड्यात आत शिरला. पोटातली रोजनिशीच ती! एकुलत्या कोकराच्या आईपाशी ही रोजनिशी नसते.

याच जनावराची दुसरीही साक्ष आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासांमार्फत डुकराच्या अंगात जातो आणि तेथे भरमसाट वाढतो. मोठे डुक्कर आजारी दिसत नाही, पण गाभण डुकरीण मेलेली, वाळलेली किंवा डोक्यात पाणी भरलेली पिले टाकते. माणसाच्या मुलाला तो ताप आला की मेंदूवर घाला घालतो. जपानने हे ओळखून १९६० च्या दशकापासून दरसाल डुकरांचे रक्त तपासण्याची पद्धत ठेवली आहे. डुकरांच्या रक्तात विषाणूची खूण दिसू लागली की त्या भागातील लोकांना सावध करतात. आपल्या पुण्यात १९५२ साली स्थापन झालेली विषाणू संशोधनाची संस्था, जी आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून जगभर ओळखली जाते, तिने या ज्वरावर फार मोठे काम केले आहे. तेव्हा उकिरड्यावर पडलेली मेली पिले पाहून नाक दाबून पुढे जाणारा मनुष्य कदाचित स्वतःच्या नातवासंबंधीची सूचना ओलांडून जात असतो.

डुकरिणीने शिकवलेला धडा एवढाच की, गर्भनाशाच्या बाबतीत ‘काय झाले’ याच्या आधी ‘कितव्या दिवशी झाले’ हे विचारावे. हा धडा घेऊन आता आपल्या मेंढरांकडे परत येऊ.

मेंढरांना ब्लू टंग, म्हणजे नीलजिव्हा, नावाचा रोग होतो. नाव फसवे आहे. जीभ निळी पडलेली मेंढी क्वचितच पाहावयास मिळते. पण सुजलेले तोंड, नाकातून शेंबूड, खुरांच्या वरच्या कडेला लाली, लंगडणे आणि ताप ही लक्षणे मेंढपाळ चांगली ओळखतो. भारतात हा रोग प्रथम नोंदला गेला तो १९६४ साली, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रात. पुढे तो दक्षिणेत सर्वत्र आढळला. हा रोग मेंढीकडून मेंढीला श्वासाने जात नाही. त्याला चिलट लागते. हे चिलट डासाहूनही पुष्कळ लहान, दोन-एक मिलिमीटरचे, आणि ते वाढते शेणामुताने भिजलेल्या चिखलात. संध्याकाळी आणि पहाटे ते चावते.

आता आपल्या मुलखाची रचना डोळ्यांपुढे आणा. वीस इंचांच्या आतबाहेर पावसाचा हा कोरडा माळ मेंढीसाठीच निर्माण झाला होता. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले आणि इंदापूरच्या पुष्कळ गावांच्या वेशीशी पाणी येऊन थांबले. त्याबरोबर गाई आल्या, संकरित गाई आल्या, दूधसंघ आले. हे सारे वैभव आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गोठ्यामागच्या ओल्या शेणचिखलात चिलट सुखाने नांदते. आणि नीलजिव्हेचा विषाणू गाईच्या रक्तात कित्येक आठवडे राहूनही गाय बहुधा आजारी दिसत नाही. माळावरची मेंढी बागायतीच्या कडेला पाण्यावर आली की, कोरड्या मुलखात तिला जे भेटले नसते ते भेटते.

मेंढी साधारण दीडशे दिवस गाभण असते. हे दीडशे दिवस म्हणजे जवळजवळ पाच चांद्रमास. इंग्रजी तारखांत हिशेब चुकतो, तिथीत चुकत नाही. समजा, आषाढी एकादशीला एक मेंढी फळली. अधिक मास मध्ये नसेल तर ती मार्गशीर्षातल्या एकादशीच्या आगेमागे विणार. अमेरिकेत १९७० च्या सुमारास गर्भाच्या ठराविक वयाला हा विषाणू टोचून जे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष आपण या पंचांगावर मांडून पाहू. पन्नास ते अठ्ठावन्न दिवसांच्या गर्भाला विषाणू पोहोचला तर मेंदूची घडणच मोडते. कवटी शाबूत, आत मेंदूऐवजी पाण्याची पिशवी. आपल्या मेंढीचे हे दिवस येतात गणेश चतुर्थीच्या आसपास. पंचाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर दिवसांच्या गर्भाला विषाणू गेला तर मेंदूत पोकळ्या राहतात. हे दिवस सर्वपित्री अमावास्येच्या अलीकडचे. आणि शंभराव्या दिवशी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, तोच विषाणू गेला तर नुकसान अगदी थोडे होते. विषाणू तोच, मेंढी तीच; फरक केवळ तिथीचा.

या विषाणूचे सर्वच प्रकार वार ओलांडतात असे मात्र नाही. कित्येकदा आईच्या तापानेच गाभ पडतो, आणि तो लगेच पडतो म्हणून कारण ओळखू येते. कठीण आहे ते न पडलेल्या गाभाचे. गणपतीत मेंढीला चार दिवस ताप आला, तोंड सुजले, ती बरी झाली, विसरली गेली. दिवाळी झाली, वाडा हलला. आपल्याकडचे पुष्कळ मेंढपाळ पावसाळा कोरड्या माळावर काढून दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून मावळाकडे, कोकणाकडे उतरतात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात. मार्गशीर्षात कुणाच्या तरी परक्या रानात, वाघरीच्या आत ती मेंढी विते. कोकरू जिवंत असते, पण त्याला उभे राहता येत नाही, आचळ सापडत नाही, ते आंधळ्यासारखे भिंगरत राहते आणि दुसऱ्या दिवशी मरते. आता दोष कुणाचा? त्या रानाच्या पाण्याचा. तेथल्या कडवळाचा. कुणाच्या नजरेचा. देवऋषी येतो, बोकड मागतो. आणि खरा अपराध घडून तीन महिने झालेले असतात, शंभर कोसांवर. सरकारी नोंदही गावाच्या नावाने होते. ताप एका तालुक्याच्या दप्तरी नाही, मेले कोकरू दुसऱ्या तालुक्याच्या दप्तरी नाही. फिरत्या माणसाचे दुःख स्थावर वहीत मावत नाही, हे आपल्या राज्यकारभाराचे जुनेच दुखणे आहे.

हा विषाणू गर्भापर्यंत पोहोचतो हे जगाला कळले तेही एका अपघाताने. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात नीलजिव्हेविरुद्ध जिवंत विषाणूची सौम्य केलेली लस मेंढ्यांना टोचण्यात आली. मेंढ्या वाचल्या; पण ज्या तेव्हा गाभण होत्या त्यांच्या पोटी खुळी कोकरे जन्मली. लस कधी टोचली याची तारीख लिहिलेली होती, म्हणूनच कारण सापडले! आपल्या देशात आज मृत विषाणूची, पाच प्रकारांवर चालणारी लस तयार होते. ती मिळत असेल तेथे पावसाआधी, मेंढी फळण्यापूर्वीच घेतलेली बरी.

येथे मला धंद्यातली एक चूक दाखवावीशी वाटते. गाभडलेली मेंढी भाकड समजून खाटकाला देण्याची रीत आहे. पैशाची नड असते, हे मला मान्य आहे. पण जी मेंढी एकदा या रोगातून उठली तिला विषाणूच्या त्या प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली असते. ती विकून बाजारातून दुसरी आणली, तर आपण अनुभवी शिपाई काढून नवखा भरती करतो. डुकरे पाळणारे जाणते लोक नवी मादी फळवण्याआधी काही आठवडे जुन्या माद्यांच्या संगतीत मुद्दाम ठेवतात. जो विषाणू भेटायचा तो गाभण राहण्याआधीच भेटून जावा, हा त्यामागचा हिशेब.

मात्र प्रत्येक पडलेला गाभ विषाणूच्या माथी मारू नये. ब्रुसेला हा सूक्ष्म जंतू आहे, विषाणू नव्हे; तो गाभ पाडतो आणि माणसालाही धरतो, महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणतो. बुरशी लागलेला चारा, उपासमार, गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात पाजलेले अल्बेंडाझोलसारखे जंताचे औषध, यांनीही गर्भ बिघडतो. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर आपल्या देशात १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळला. तो तर जुन्या बुळकांडीचा सख्खा भाऊ. त्यात ताप, हगवण, मर, आणि जोडीला गर्भपात. पण त्यावर एका टोचणीत निदान तीन वर्षे टिकणारी देशी लस आहे. बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाली, तशी हिलाही २०३० पर्यंत घालवावयाची असा जगाचा संकल्प आहे. आणि येथे ज्यांच्या दारी संकरित गाई आहेत त्यांच्यासाठी एकच वाक्य: गाईंत आयबीआर नावाचा विषाणू एकदा शिरला की जन्मभर मज्जातंतूंत दडून बसतो, प्रवासाच्या किंवा वेताच्या ताणाने पुन्हा उठतो, आणि रेतातूनही जातो, म्हणून गोठविलेल्या रेताची कांडी वापरताना ती तपासलेल्या वळूची आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

मग ओळखावयाचे कसे? मेलेला गाभ कालव्यात टाकू नये, कुत्र्यापुढे टाकू नये. उघड्या हाताने जार ओढू नये. गरोदर बाईने तर त्या कामाला हातच लावू नये. गाभ आणि जार बर्फात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. तेथून तो पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतो. नेता येत नसेल तर चुना टाकून खोल पुरावा. मेंढीचे रक्त एकदा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे. एकाच वेळच्या रक्तावरून एवढेच कळते की हिला विषाणू कधी तरी भेटला होता. आकडा चढला तर तो आत्ताच भेटला.

याहून सोपा आणि फारसा कुणी न वापरलेला पुरावा आणखी एक आहे. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटातच मिळतात. मेंढी, गाय, डुकरीण यांच्या वारेतून ती जात नाहीत. पिलाला ती चिकातूनच मिळतात. म्हणजे चीक पिण्यापूर्वी कोकराच्या रक्तात एखाद्या विषाणूची प्रतिपिंडे सापडली, तर ती आईची नव्हेत. त्या कोकराने पोटात असतानाच त्या विषाणूशी झुंज दिली होती. एकुलत्या कोकरापाशी रोजनिशी नसते असे मी मघाशी म्हणालो. एक ओळ असते. पण ती पहिल्या घोटाबरोबर पुसली जाते. म्हणून अधू कोकरू जन्मले आणि पशुवैद्य जवळ असला, तर आधी रक्ताचा थेंब आणि मग चीक.

राहता राहिली तारखेची गोष्ट. मेंढपाळ वही ठेवत नाही, आणि पावसात भिजणारी वही त्याने ठेवावी असा आग्रहही मी धरणार नाही. पण त्याच्यापाशी गेरू असतो. आपली मेंढरे परक्या कळपातून निवडता यावीत म्हणून तो लोकरीवर खूण करतोच. भाद्रपदात जिला ताप आला, जिचे तोंड सुजले, तिच्या पाठीवर त्याने गेरूचा एक वेगळा पट्टा ओढावा. गणपतीआधी आजारी पडली तर मानेवर, पितृपक्षात पडली तर पुठ्ठ्यावर. मार्गशीर्षात कोणती मेंढी काय वितेय ते त्या पट्ट्याशी ताडून पाहावे. अडचण एकच. मध्येच कातरणी आली तर लोकरीबरोबर पट्टाही जातो. तेव्हा कातरी लावण्याआधी ती खूण कानावर उतरवून घ्यावी. सरकारी बिल्ला कानात असेल तर त्याच्याच शेजारी, रंगीत दोऱ्याची एक गाठ पुरे.